गाडीचं ॲव्हरेज आणि माझी झोप



आठ महिन्यांपूर्वी मी गाडी बदलली. तेव्हापासून क्लिनिकमध्ये एक नवीन गोष्ट घडते. बीपी दाखवायला आलेला माणूस उठून दारापर्यंत जातो, हँडलला हात घालतो आणि मागे वळून विचारतो, "डॉक्टर, नवीन गाडी किती देते?" आपल्याकडे ॲव्हरेज विचारणं हे लग्नात पगार विचारण्यासारखं आहे. विचारणाऱ्यालाही वाईट वाटत नाही, सांगणाऱ्यालाही नाही.

म्हणून आज तेच लिहितो. पण हा आरोग्याचा ब्लॉग आहे आणि या गाडीमुळे मला माझाच एक आजार सापडला, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. इथे औषधांची ब्रँडनावं लिहीत नाही, मग गाडीचं तरी कशाला? दोन लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, उंच बांधणी आणि साधा क्रूझ कंट्रोल, एवढं पुरे. समोरची गाडी ओळखून आपोआप वेग कमी करणारा रडारवाला क्रूझ वरच्या मॉडेलमध्ये होता. तेवढे पैसे वाचवले.

डिझेल का घेतलं, हा प्रश्न मला माझ्या एका दम्याच्या रुग्णाने विचारला आणि तो रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, त्याच गटात तंबाखूचा धूरही आहे. मी हे रुग्णांना सांगत आलो आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि माझ्या गाडीत त्याशिवाय ॲडब्लूची वेगळी टाकी आहे. ॲडब्लू म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरिया. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या वर लिहिलेला असतो तोच युरिया. तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर नायट्रोजन आणि पाण्यात करतो. हे सगळं खरं आहे. पण मी डिझेल घेतलं ते महिन्यातून एकदा नागपूरला जायचं म्हणून आणि ॲव्हरेजसाठी, हे त्याहून खरं आहे. नागपूरला मोठे बंधू राहतात आणि आई त्यांच्याकडे आहे. आईचं वय आता ८४.

संभाजीनगरहून नागपूर माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत साधारण साडेचारशे किलोमीटर आहे. पूर्वी हा आख्ख्या दिवसाचा प्रवास होता. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आमचं नागपूर एकदम जवळ आलं. सकाळची ओपीडी करून निघालो तरी रात्रीच्या जेवणाला आईच्या पंगतीला बसता येतं.

आता ॲव्हरेज. शहरात, घर ते क्लिनिक ते हॉस्पिटल अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये गाडी नऊ-साडेनऊ देते. यावर कोणी हसू नये. जड गाडी, थंड इंजिन, दर सिग्नलला थांबा, याहून जास्त मिळत नाही. शिवाय अशा छोट्या फेऱ्या डिझेलच्या काजळी फिल्टरला मानवत नाहीत. आत साठलेली काजळी जाळायला त्याला मोकळ्या रस्त्यावर सलग गरम इंजिन लागतं, आणि ते न मिळाल्यास डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. ज्यांचं सगळं ड्रायव्हिंग गावातल्या गावात आहे त्यांनी डिझेल घेऊ नये, असं माझं मत झालं आहे.

हायवेची गोष्ट वेगळी. पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. रुग्णाने घरच्या मशीनवर मोजलेल्या बीपीवरही मी एकदा आपल्या मशीनवर पडताळल्याशिवाय ठेवत नाही, तसंच हे. टाकी फुल करायची, नोजल पहिल्यांदा बंद झालं की तिथेच थांबायचं, पोहोचल्यावर पुन्हा तशीच फुल करायची आणि भागाकार करायचा. यासाठी मी गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. पहिल्या खेपेला जाताना क्रूझ ११८ वर लावला होता. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे नियमात बसून जास्तीत जास्त. ४५२ किलोमीटरला ३८.२ लिटर डिझेल लागलं, म्हणजे ११.८. पडदा १२.७ म्हणत होता. मी जरा नाराज झालो. कंपनीच्या कागदावर याहून पुष्कळ जास्त लिहिलं आहे, पण ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते आणि तिच्यात वेग ९० च्या वर जातच नाही.

पुढच्या एका खेपेला, जिच्याबद्दल नंतर सांगतो, जातानाच क्रूझ ९५ वर ठेवला. ४४९ किलोमीटर, २९.१ लिटर. म्हणजे १५.४. तीच गाडी, तोच रस्ता, तीच दिशा. दिशा मुद्दाम लिहिली, कारण संभाजीनगर नागपूरपेक्षा अडीचशे मीटर उंच आहे आणि जातानाचा आकडा येतानाच्या आकड्याशी ताडून चालत नाही. फरक पडतो तो हवेमुळे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९५ चे ११८ केले तर वेग पाव पटीने वाढतो, पण हवेचा रेटा दीडपट होतो, आणि उभ्या कपाटासारखी उंच गाडी असली की तो जास्तच जाणवतो. नऊ लिटर डिझेल म्हणजे आजच्या भावाने आठशे रुपयांच्या वर. त्याच्या बदल्यात वाचतात जेमतेम पन्नास मिनिटं.

क्रूझ कंट्रोलबद्दल लोकांचा एक समज आहे की तो लावला की ॲव्हरेज वाढतं. सपाट रस्त्यावर वाढतं, कारण आपला पाय नकळत वेग कमी-जास्त करत असतो आणि यंत्र तसं करत नाही. चढावर मात्र उलट होतं. आपण चढाला वेग थोडा पडू देतो. क्रूझला दिलेला आकडा सांभाळायचा असतो, म्हणून तो जास्त डिझेल ओततो. घाटात आणि पावसात ओल्या रस्त्यावर तो लावूच नये.

या यंत्राची कुळकथा मला फार आवडते. ते शोधलं राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने, आणि हा माणूस वयाच्या पाचव्या वर्षापासून आंधळा होता. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा. त्या गचक्यांना वैतागून टीटर कामाला लागला. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर इंपीरियल गाडीत ते पहिल्यांदा विकायला आलं. नाव ठेवलं होतं 'ऑटो-पायलट'. ज्याला रस्ता दिसत नव्हता त्याला वेगातला बदल अंगाला इतका नेमका कळत होता, याचं मला डॉक्टर म्हणूनही कुतूहल आहे. पण त्या नावाने पहिल्या दिवसापासून लोकांचा गैरसमज करून दिला असावा.

माझाही तोच झाला. पहिल्यांदा समृद्धीवर बटण दाबलं, पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवला आणि गाडी आपली आपण चालू लागली, तेव्हा मला खरोखर लहान मुलासारखा आनंद झाला. माझा उजवा गुडघा गेली तीन वर्षं कुरकुरतो. ॲक्सिलरेटरवर तासन् तास पाऊल एकाच कोनात धरून ठेवावं लागतं, त्याने तो जास्त दुखतो. क्रूझमुळे ते दुखणं जवळजवळ गेलं. बायकोला म्हणालो, "बघ, पैसे वसूल." ती म्हणाली, "पाय मोकळा झाला म्हणून मांडी घालून बसू नका म्हणजे झालं."

मोकळ्या पायाबद्दल जाता जाता एक. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. विमान असो, बस असो किंवा स्वतःची आरामशीर गाडी असो. मुळात धोका लहान असतो, म्हणून घाबरू नका. पण पोटरीचे स्नायू हे पायातलं रक्त वर ढकलणारे पंप आहेत आणि क्रूझ लावल्यावर उजव्या पोटरीला उरलंसुरलं कामही राहत नाही. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेला माणूस, आधी गुठळी होऊन गेलेला माणूस यांनी तर नक्कीच.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

तिसऱ्या महिन्यातली नागपूरची खेप. परतताना वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. आईने शेजारी बसून तिसरी पोळी वाढायला लावली. एक वाजता निघालो. ऊन स्वच्छ, रस्ता रिकामा, एसी बावीसवर, क्रूझ ११० वर. कारंजा मागे पडलं. तीन वाजून गेले होते. मला आठवतं ते असं की मी मधल्या लेनमध्ये होतो, पुढे डावीकडे लांबवर एक ट्रक होता आणि त्याच्या मागच्या फाळक्यावरची निळी ताडपत्री फडफडत होती.

त्यानंतरची गोष्ट मला आठवते ती बायकोच्या किंकाळीपासून. "अहो!"

ट्रक समोर होता. लांबवर नव्हता, समोर होता, आणि माझी गाडी मधली लेन सोडून अर्धी त्याच्या लेनमध्ये गेली होती. मी ब्रेक मारला आणि स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. मागे कोणी नव्हतं म्हणून हे लिहायला मी आज आहे. डावा आरसा ताडपत्रीच्या दोरीपासून किती अंतरावरून गेला ते बायकोने पाहिलं. ते ती मला अजून सांगत नाही.

"झोपलात तुम्ही," ती म्हणाली.

"नाही गं. डोळे उघडे होते माझे."

"उघडे होते. मी बघत होते. म्हणून तर मला वाटलं की तुम्हाला ट्रक दिसतोय."

याला वैद्यकात मायक्रोस्लीप म्हणतात. काही सेकंदांची झोप. डोळे अर्धे किंवा पूर्ण उघडे असू शकतात, मेंदूचा बाहेरच्या जगाशी संबंध मात्र तुटलेला असतो. आणि ज्याला ती येते त्याला बहुतेक वेळा पत्ता लागत नाही. मी प्रामाणिकपणे सांगत होतो की मी जागा होतो. ताशी ११० वेगाने गाडी एका सेकंदात तीस मीटर जाते. चार सेकंद म्हणजे एकशेवीस मीटर. आधी तुमचा पाय पेडलवर असेल तर डुलकीत तो सैल पडतो, गाडीचा वेग थोडा तरी कमी होतो, इंजिनाचा आवाज बदलतो, कधी त्या बदलानेच जाग येते. क्रूझ लावलेली गाडी तुम्ही झोपलात तरी तेवढ्याच निष्ठेने ११० ने जाते. साधा क्रूझ वेग सांभाळतो, समोरचा ट्रक त्याच्या हिशेबातच नसतो.

दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते सहा या दोन वेळांना आपल्या शरीराचं घड्याळच जागेपणाची पातळी खाली आणतं. पुरणपोळी हातभार लावते, पण दोष तिचा एकटीचा नाही. उपाशी माणसालाही दुपारी तीनला जड वाटतं. आणि सरळ, एकसुरी रस्ता? इथे मी स्वतः वर्षानुवर्षं चुकीचं समजत होतो. कंटाळवाणा रस्ता झोप निर्माण करत नाही. शरीरात साठलेली झोप तो उघडी पाडतो. ज्याची रात्रीची झोप पुरी झाली आहे तो अशा रस्त्यावर कंटाळेल, चुळबुळेल, गाणी बदलेल, पण डोळे उघडे ठेवून झोपणार नाही. गर्दीच्या रस्त्यावर खड्डे, रिक्षा, गाई, हॉर्न हे सगळे आपल्याला जागं ठेवत असतात. समृद्धीवर ते नाहीत, आणि क्रूझ लावला की पायाचं कामही नाही. मग उरते ती फक्त तुमची खरीखुरी झोपेची थकबाकी.

तेव्हा माझ्यापुढे प्रश्न होता तो हा की माझी थकबाकी आली कुठून? मी रात्री साडेदहाला झोपतो आणि सहाला उठतो. साडेसात तास.

बायकोने पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली, चाव्या घेतल्या आणि मला डावीकडे बसवलं. क्रूझ तिने बंद केला. मेहकर गेलं, मग सिंदखेडराजाच्या परिसरातून जाताना आम्ही दोघंही गप्प होतो. १ जुलै २०२३ च्या रात्री याच भागात खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. जालन्यापाशी ती म्हणाली, "तुम्ही बारा वर्षं घोरताय. मध्येच श्वास थांबतो तुमचा. मी हलवते, मग कूस बदलता. हजारदा सांगितलं. तुम्ही म्हणता, दमलो की सगळेच घोरतात."

हे मी म्हणत होतो. आणि याच बारा वर्षांत मी किमान दोनशे रुग्णांना घोरण्यावरून झोपेची तपासणी करायला पाठवलं आहे.

घरी आल्यावर एपवर्थची प्रश्नावली काढली. १९९१ मध्ये मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधले डॉ. मरे जॉन्स यांनी ती तयार केली. आठ प्रसंग असतात: वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं पडल्यावर, कोणाशी बोलत बसलेलं असताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना वगैरे. प्रत्येक ठिकाणी डुलकी लागण्याची शक्यता किती याला शून्य ते तीन गुण. एकूण २४ पैकी दहाच्या वर गेलं तर लक्ष द्यायचं. मी भरली, सहा आले. मग तोच कागद बायकोला दिला आणि माझ्याबद्दल भरायला सांगितलं. तिने दिले चौदा. तेव्हापासून मी क्लिनिकमध्ये ही प्रश्नावली रुग्णाला एकट्याला देत नाही, सोबत आलेल्या माणसाकडूनही भरून घेतो.

बाकीच्या गोष्टी आरशात दिसतच होत्या. वय ५६, पुरुष, वजन ८८ किलो, मानेचा घेर ४३ सेंटीमीटर. बीपीची एक गोळी दीड वर्षापूर्वी दोनवर गेली होती आणि कारण शोधायचं सोडून मी ते वयावर ढकललं होतं. रात्री दोनदा लघवीला उठत होतो, त्यासाठी प्रोस्टेटची सोनोग्राफीही करून झाली होती. ती नॉर्मल होती. सकाळी डोकं जड. हे सगळं माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या कोणी सांगितलं असतं तर मी दुसऱ्या मिनिटाला निदान केलं असतं.

झोपेची तपासणी एका छातीविकारतज्ज्ञ मित्राकडे केली. तासाला ३४ वेळा श्वास थांबत किंवा तोकडा पडत होता. पाचपर्यंत सामान्य, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, पुढे तीव्र. रक्तातला ऑक्सिजन एका वेळी ७९ टक्क्यांपर्यंत उतरला होता. वॉर्डात कोणाचा ७९ झाला तर आम्ही धावत जातो. मी मात्र अंथरुणात पडून होतो, आणि तेही रोज रात्री.

होतं काय ते सोप्या शब्दांत सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते. मान जाड असेल, हनुवटी आत असेल, पोट सुटलेलं असेल तर तिथली वाट आधीच अरुंद असते. सुरुवातीला हवा तिथून जाताना थरथर होते, ते घोरणं. पुढे वाट पूर्ण बंद होते. छाती श्वास ओढते, हवा आत जात नाही, ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, ॲड्रिनॅलिन सोडतो, बीपी उसळतं, घसा उघडतो, मोठ्याने श्वास घेतला जातो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. माझ्या बाबतीत हे दर दोन मिनिटांच्या आत एकदा. साडेसात तास मी अंथरुणात होतो, त्यात सलग झोप किती मिळाली असेल? हृदयावर पडणाऱ्या या ताणामुळेच रात्री लघवी जास्त तयार होते. बिचारी प्रोस्टेट उगीच बदनाम झाली.

उपचार न घेतलेल्या अशा माणसाकडून वाहन अपघात होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त असतो. आणि साधं जागरणही कमी नाही. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात, असं ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याची दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दिवसभर काम करून रात्री लग्नावरून गाडी चालवत परतणाऱ्यांनी हा हिशेब करावा. सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेऊन चालवणाऱ्यांनीही.

सीपॅप यंत्र घेतलं. नाकावर मास्क, त्यातून हलक्या दाबाची हवा, त्या दाबाने घसा उघडा राहतो. तो १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी शोधला आणि त्यानंतर यावर याहून खात्रीचा उपाय आलेला नाही. पहिले चार दिवस मी मास्क अर्ध्या रात्री काढून फेकला. नाक कोरडं पडलं, पट्ट्यांचे वळ गालावर घेऊन ओपीडी केली. बायकोला वेगळाच त्रास झाला. आवाज बंद झाल्यामुळे ती दचकून उठायची आणि मी जिवंत आहे ना ते बघायची. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठलो तर डोकं हलकं होतं. किती वर्षांनी ते मला सांगता येणार नाही, कारण जड डोक्यालाच मी सकाळ समजत होतो. आता यंत्र तासाला तीन वगैरे आकडा दाखवतं. बीपीत फार मोठा फरक नाही, दोन-तीन अंकांचा असेल, गोळ्या दोन्ही चालू आहेत. वजन चार किलो उतरलं आहे. रात्री एकदाही उठत नाही.

ते दोन महिने मी हायवेवर गाडी चालवली नाही. नंतर निघालो ती ९५ ची खेप, जिचा आकडा वर दिला आहे. वेग कमी ठेवला तो डिझेलसाठी नव्हे, पण ॲव्हरेज मिळालं. सकाळी सहाला निघालो, म्हणजे दुपारी दोनच्या आत पोहोचून जाऊ. क्रूझ लावला, पण आता मी तो सलग ठेवत नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली की बंद करून पायाने चालवतो. दोन तासांनी थांबलो. जांभया सुरू झाल्या की तोंडावर पाणी मारणं, काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने काही मिनिटांपलीकडे फरक पडत नाही. करायचं असेल तर गाडी सुरक्षित जागी उभी करून चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं सीट मागे करून झोपायचं. कॅफिनला चढायला तेवढाच वेळ लागतो, उठता तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. त्याहून जास्त झोपलात तर उलट सुस्ती येते.

आणि शेजारी बसलेल्याने झोपू नये. मी तरी बायकोला झोपू देत नाही.

एक गोष्ट राहिली. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी चाळिशीनंतर आणि ट्रक-बस चालवणाऱ्यांना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म १-ए. मी वर्षानुवर्षं त्यावर सह्या करत आलो आहे. दृष्टी, रंग ओळखणं, रातांधळेपणा, ऐकणं, हातापायातलं व्यंग याबद्दल त्यात विचारलेलं असतं. घोरण्याबद्दल आणि दिवसा येणाऱ्या झोपेबद्दल काही विचारलेलं नसतं. ब्रिटनमध्ये स्लीप ॲप्निया असून दिवसा झोप अनावर होत असेल तर परवाना खात्याला कळवावंच लागतं आणि झोप आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवता येत नाही. मी आता फॉर्मवर नसलेले दोन प्रश्न विचारतो आणि टेपने मान मोजतो.

गेल्या महिन्यात एक ट्रकड्रायव्हर आला. वय ४६, मान ४४. जालना ते नागपूर स्टीलच्या सळ्या नेतो, बहुतेक रात्री. "घोरता का?" विचारलं तर हसला. "साहेब, क्लीनर केबिनमध्ये झोपत नाही माझ्या, वर सळ्यांवर जाऊन झोपतो." दिवसा झोप येते का? "झोप कोणाला येत नाही?" मी तपासणी लिहून दिली, सरकारी रुग्णालयात कुठे विचारायचं ते सांगितलं, आणि म्हणालो की रिपोर्ट आल्यावर सही करतो, तोवर रात्रीची गाडी घेऊ नका. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

"रात्रीची नाही घेतली तर मालक दुसरा बघेल, साहेब. आणि तपासणीत निघालं तर? मशीनचे पैसे?"

माझ्या मशीनची किंमत मी त्याला सांगितली नाही. त्याचा दोन-तीन महिन्यांचा पगार आहे. लवकर तपासणी झाली तर पुढचं बघू, असं काहीतरी बोललो. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. फॉर्म टेबलावर राहिला. दोन गल्ल्या पुढे विचारपूस न करता सही मिळते, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

उठताना दारापाशी थांबून त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. "ती गाडी तुमची ना? किती देते?"

"पंधरा. पंच्याण्णवला लावली तर."

"चांगली आहे," तो म्हणाला, आणि गेला.